बीटलचं बूड बसतंय, घाटात शेपटी फेकतेय? 'अपग्रेड'च्या आधी हे तपासा

वर्षातून चार-पाच वेळा तरी हा फोन येतो. "मागचं सस्पेन्शन अपग्रेड करायचंय, कुठलं किट मागवू?" मी उलट विचारतो, "मागच्या चाकांत हवा किती आहे?" पलीकडे शांतता. मग, "हवा ना... पंपावर भरली की."

माझी फोक्सवॅगन बीटल १९६५ ची. वडिलांकडून माझ्याकडे आली तेव्हा मागून उजवीकडे दीड इंच बसलेली होती. खड्ड्यात ठक्क वाजायची. मी भोसरीला टूलरूममध्ये फिटर, त्यामुळे हत्यारं होती, हात चालत होता, फक्त अक्कल यायची होती. ती येईपर्यंत शॉकॉब्सरचे दोन जोड फुकट गेले. त्यानंतर स्वतःची धरून नऊ बीटलची हीच तक्रार रविवारी अंगणात उकलली. नवातल्या सहा गाड्यांना अपग्रेड नको होतं. एकीला तर हवेशिवाय काहीच नको होतं.

सोपं आणि फुकटचं आधी, अवघड आणि महागडं शेवटी, या क्रमाने लिहितो. मधले टप्पे गाळू नका. गाळले की काय होतं ते पुढे येईलच.

आधी लक्षणं

यातलं काय होतंय ते कागदावर लिहा, कुठल्या बाजूला होतंय तेही लिहा.

- सपाट जागेवर उभी असताना गाडी मागून एका बाजूला खाली दिसते.
- दोन्ही मागची चाकं फेंगडी दिसतात, म्हणजे वरून आत झुकलेली आणि खालून बाहेर पसरलेली. टायर आतल्या कडेने घासले जातात.
- गचका बसला की मागून एकच ठक्क, जणू कुणी पत्र्यावर हातोडी मारली.
- क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना टक्क. हा आवाज वरच्यापेक्षा वेगळा, याची नोंद वेगळी ठेवा.
- सरळ रस्त्यावर साठच्या पुढे मागचा भाग झोल खातो.
- उताराच्या वळणावर अॅक्सिलरेटर सोडला की शेपटी बाहेर जाते.

शेवटचं लक्षण बिघाड असेलच असं नाही. ते या गाडीच्या जातीतच आहे.

ही गाडी अशी का वागते

इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे. वजनाचा साठेक टक्के भाग मागच्या चाकांवर. जुन्या बीटलचा अॅक्सल नळीत बंद असतो आणि फक्त गिअरबॉक्सपाशी हलतो. चाकापाशी सांधा नाही. त्यामुळे चाक वर-खाली झालं की तिरकंही होतं. कोंबडीचा पंख खांद्यातून हलतो तसं. याला स्विंग अॅक्सल म्हणतात. गाडी मागून उचलली गेली की चाकं खालून आत ओढली जातात. वळणावर जोर आला आणि त्याच वेळी तुम्ही पाय काढला की वजन पुढे जातं, मागचा भाग उचलतो, बाहेरचं चाक गाडीखाली दुमडू लागतं आणि पकड एकदम सुटते. खंबाटकीच्या वळणावर एकदा हे झालं की माणूस घरी येऊन किट शोधायला बसतो.

वजन पेलायला इथे कॉइल स्प्रिंग नाही, पाटे नाहीत. मागच्या सीटखाली गाडीच्या आडवी एक जाड नळी आहे. तिच्यात दोन्ही बाजूंना पोलादी दांडा आहे, तोच टॉर्शन बार. त्याचं आतलं टोक नळीच्या मध्यभागी पक्कं असतं. बाहेरच्या टोकाला एक लांबट पट्टी, स्प्रिंग प्लेट, आणि तिच्या मागच्या टोकाला चाक. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो. स्प्रिंग प्लेट नळीच्या तोंडाशी दोन रबरी बुशांमध्ये, म्हणजे जाड कड्यांमध्ये, बसते. हे दोन बुश लक्षात ठेवा. गोष्ट बहुतेक वेळा तिथेच संपते.

तुमची गाडी स्विंग अॅक्सलची आहे का, हे मागून वाकून कळतं. गिअरबॉक्सपाशी रबरी घडीचं बूट आणि तिथून चाकापर्यंत जाड नळी असेल तर स्विंग अॅक्सल. उघडा बारीक शाफ्ट आणि त्याच्या दोन्ही टोकांना बूट असतील तर नंतरच्या काळातली, स्वतंत्र सस्पेन्शनची रचना. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बीटलना ती १९६९ च्या मॉडेलपासून सरसकट आली. खालचं बरंचसं स्विंग अॅक्सलबद्दल आहे.

१. हवा आणि टायर (फुकट, पाच मिनिटं)

पंपावरचा पोरगा चारही चाकांत ३० किंवा ३२ भरतो, कारण बाकी सगळ्या गाड्यांत तेच भरतो. ५.६०-१५ टायरच्या काळातल्या मालकपुस्तिकेत एक-दोन माणसांसाठी पुढे १६ आणि मागे २४ पौंड दिलेत. आकडे वाचून पंपावरचा हसतो, हसू द्या. रेडियल टायर असतील तर मी पुढे १८ आणि मागे २७ ठेवतो. पुढचा आकडा कमी आणि मागचा जास्त, हा फरक जाणूनबुजून दिलेला आहे. हलक्या पुढच्या चाकांत मऊ हवा ठेवून पुढची पकड जरा ढिली ठेवायची, म्हणजे मागची आधी सुटत नाही. चारही चाकांत सारखी हवा भरली की हा तोल मोडतो आणि शेपटी हलकी होते.

शिवाय पुढे एका जातीचे टायर आणि मागे दुसऱ्या, रेडियल आणि साधे मिसळून, असं असेल तर इथेच थांबा. टायर एकसारखे होईपर्यंत पुढचं काहीही तपासून उपयोग नाही.

एका गाडीचं दुखणं एवढंच होतं. मालक फलटणहून आले होते, बायकोने डबाही दिला होता. दहा मिनिटांत काम झालं. डबा मात्र आम्ही दोघांनी सावकाश खाल्ला.

२. मोजा, पण गाडी हलवून मोजा

स्विंग अॅक्सलची गाडी जॅकवरून खाली उतरवली की चाकं खालून आत ओढलेलीच राहतात आणि मागचा भाग उंच दिसतो. टायर जमिनीला धरून ठेवतो, चाकाला बाहेर सरकता येत नाही. म्हणून गाडी पंधरा-वीस फूट पुढे-मागे ढकला, हॅन्डब्रेक न लावता उभी करा, आणि मग मोजा. पंक्चर काढल्यावर लगेच मोजून "दुसरी बाजू बसली" असं ठरवणारे मी दोन पाहिलेत. त्यातला एक मीच.

मोजमाप मडगार्डच्या कडेपासून घेऊ नका. मडगार्ड बोल्टावर असतात, कधीतरी बदललेले असतात, दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. नळीच्या टोकाला चार बोल्टांचं झाकण असतं. त्याच्या खालच्या बोल्टापासून फरशीपर्यंत दोन्हीकडे मोजा. फरशी सपाट आहे का ते आधी पाणसळीने बघा. पार्किंगमध्ये पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार दिलेला असतो, हे सगळे विसरतात. गाडी उलट तोंडाने लावून पुन्हा मोजा. फरक बाजू बदलून आला तर दोष फरशीचा.

१० मिलिमीटरच्या आतला फरक मी सोडून देतो. ज्या गाडीत साठ वर्षं चालक उजवीकडेच बसला, तिचं एवढं चालायचंच.

३. शॉकॉब्सर

मागून दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर गेलेत. अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तरी गेलेत. वर-खालच्या बोल्टांची रबरं चेपली असतील तर खड्ड्यातला ठक्क तिथून येऊ शकतो. ती आधी बदला, अगदी स्वस्तात काम होतं.

पण एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण सगळे पैसे इथे बुडतात. शॉकॉब्सर गाडीचं वजन पेलत नाही. तो फक्त हालचाल आवरतो. बसलेली गाडी नवीन शॉकॉब्सरने उठत नाही. म्हणून मग कुणीतरी हवा भरायचे किंवा बाहेरून कॉइल गुंडाळलेले शॉकॉब्सर सुचवतं. त्याने गाडी उठते, हे खरं. पण ज्या कानाला शॉकॉब्सरचं वरचं टोक अडकतं तो कान गाडीचं वजन घ्यायला बनवलेला नाही. तिथे चीर पडते. ती चीर मी पाहिली आहे, नळीला जोडणाऱ्या वेल्डच्या बाजूने केसासारखी सुरू झालेली.

४. मागच्या चाकाचा मधला नट

क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना टक्क वाजत असेल तर सगळ्यात आधी हा बघा. सस्पेन्शनशी त्याचा संबंध नाही, पण नवात तीन गाड्या याच आवाजाला सस्पेन्शन समजून आल्या होत्या.

मागच्या ड्रमच्या मधोमध ३६ मिलिमीटरचा खाचांचा नट असतो, त्यात स्प्लिट पिन. तो अॅक्सलच्या दातांवर ड्रमला घट्ट दाबून धरतो. नट सैल झाला की ड्रमचे दात अॅक्सलच्या दातांवर मागे-पुढे आपटतात आणि हळूहळू सपाट होतात. एकाने दोन महिन्यांत दोन वेळा शॉकॉब्सर बदलले, आवाज तसाच. मी पिन काढली तर नट हाताने फिरला. ड्रम ओढून बघितला तर आतले दात झिजून चाकूच्या धारेसारखे झालेले, आणि खाली तपकिरी भुगा, तपकिरीसारखाच बारीक. ड्रम टाकून द्यावा लागला. अॅक्सल थोडक्यात वाचला. नाहीतर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागला असता.

कसायचं कसं? स्विंग अॅक्सलला जवळपास ३०० न्यूटन-मीटर लागतात. एवढा मोठा टॉर्क पाना घरात नसतो. गाडी जमिनीवर, हॅन्डब्रेक ओढलेला, पहिला गिअर. बॉक्स पान्याला जाड दांडा लावा, तो आडवा धरा, आणि नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर ६० किलोच्या माणसाने अलगद उभं राहायचं. हिशोब तेवढाच येतो. माझ्याकडे या कामाला मेव्हणा आहे. उडी मारायची नाही. नट खाचेशी जुळला नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी कसायचा, पिनसाठी मागे घ्यायचा नाही. आणि पिन नवीन. जुनी सरळ करून परत घालणाऱ्याला मी चहा विचारत नाही.

नंतरच्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांना याहून जास्त जोर लागतो. त्यांचा आकडा त्यांच्या मॅन्युअलमधून घ्या.

५. बूट, तेल, बंपस्टॉप, माउंटिंग

हे भराभर. गिअरबॉक्सपाशी रबरी बूट फाटलं असेल तर गिअर ऑइल गळतं. अॅक्सल न काढता बसवता येणारं, मधून चिरलेलं बूट मिळतं. त्याची शिवण खाली येऊ देऊ नका, आणि चाकांवर वजन असतानाच शेवटचं कसा, नाहीतर बूट पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तेल गळलं असेल तर गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाचा १७ मिलिमीटरचा प्लग उघडा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. ब्रेकच्या बाजूने तेल दिसलं तर बेअरिंगचं सील गेलंय, ब्रेक आधी.

अॅक्सलच्या वर रबरी बंपस्टॉप असतो. तो नसेल किंवा चिक्कीसारखा कडक झाला असेल तर मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं. गिअरबॉक्सच्या पुढच्या आणि मागच्या माउंटिंगखाली टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून हलकेच उचला. रबर लोखंडापासून सुटून वर आलं तर माउंटिंग गेलं. गिअर टाकताना धक्का आणि क्लच थरथरणं याचं मूळ पुष्कळदा हेच असतं.

६. स्प्रिंग प्लेटचे बुश

आता मूळ मुद्दा. चाक न काढताही अर्धं निदान होतं. नळीच्या टोकाचं चार बोल्टांचं झाकण टॉर्च लावून बघा. झाकणाच्या भोकात स्प्रिंग प्लेटचा गोल भाग मधोमध दिसायला हवा. तो एका कडेला टेकला असेल, किंवा कडेने काळं रबर जिभेसारखं बाहेर आलं असेल, तर बुश संपले. साठ वर्षांचं रबर आहे ते. बुश चेपले की प्लेट खाली सरकते, गाडी त्या बाजूला बसते. प्लेट लोखंडाला लागते म्हणून ठक्क वाजतं. आणि चाकाची दिशा गचक्यागणिक बदलते म्हणून सरळ रस्त्यावर झोल. तिन्ही लक्षणांचं एकच कारण.

काम अवघड नाही, पण धोक्याचं आहे. म्हणून क्रम नीट वाचा.

अॅक्सल स्प्रिंग प्लेटला जिथे बोल्ट होतो तिथली भोकं लांबट असतात. चाकाची दिशा तिथे ठरते. काहीही सोडण्याआधी प्लेट आणि अॅक्सलचं हाउसिंग या दोन्हींवर मिळून छिन्नीने एक आडवी रेघ मारा. खडू नको, मार्कर नको, ग्रीसने पुसला जातो. छिन्नीची खूण. या एका रेघेमुळे गाडी परत सरळ चालते. हे विसरून गाडी जोडली तर मागची चाकं दोन दिशांना बघतात आणि पाचशे किलोमीटरमध्ये टायर खलास.

गाडी नळीखाली पक्क्या स्टँडवर. नुसता जॅक चालणार नाही, विटा तर अजिबात नाहीत. शॉकॉब्सरचा खालचा बोल्ट काढून अॅक्सल प्लेटमधून मागे ओढून घ्या, ब्रेकचा होज ताणू देऊ नका. आता प्लेट खालच्या ओतीव खुंटीवर टेकून असते, आणि टॉर्शन बार तिला जोराने खाली दाबत असतो. ही अवस्था धोक्याची. प्लेटच्या टोकाखाली जॅक लावा, जॅक आणि नळीभोवती साखळी बांधा, जॅकने वजन उचला, झाकण काढा, प्लेट खुंटीवरून बाहेर सरकवा आणि जॅक हळूहळू सोडा. प्लेट खाली येऊन मोकळी होते. पहिल्या वेळी मी साखळीशिवाय पहारीने खुंटीवरून ढकलली. प्लेट सुटली, पहार उडाली आणि मडगार्डला माझ्या गुडघ्याच्या उंचीवर पोचा पडला. तो पोचा मी मुद्दाम काढलेला नाही.

मोकळ्या प्लेटचा कोन मोजा आणि लिहून ठेवा. मोबाइलमधली पाणसळ चालते, पण गाडीच्या उंबऱ्याचा कोनही मोजून त्यातून वजा करा, कारण स्टँडवर गाडी पातळीत असेलच असं नाही. मग प्लेट बाहेर. दांडा तिच्याबरोबर ओढला जाऊ देऊ नका, आतले दात सुटले की काम दुप्पट.

नवीन बुशवर रोमन अक्षरांत 'ओबेन' असं उठावात लिहिलेलं असतं. मला वाटलं कंपनीचं नाव. पहिल्या गाडीत दोन बुश उलटे बसवले, झाकण बसेना, बोल्ट ओढून ओढून एकाचे आटे गेले. भाची मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकत होती. ती चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "मामा, ओबेन म्हणजे वर." बुश दिसायला गोल असला तरी त्याची वरची बाजू ठरलेली आहे. ती वरच हवी.

बसवताना बुशला टाल्कम पावडर फासा. ग्रीस किंवा तेल नको, ते रबर खातं. दांड्याच्या दातांना मात्र ग्रीस हवं. झाकण रबराच्या दाबाने बाहेर राहतं आणि साधे बोल्ट पोचत नाहीत. त्यासाठी जरा लांब बोल्ट दोन समोरासमोर लावून झाकण सम ओढून घ्या, मग साधे लावा. पुन्हा जॅक आणि साखळीने प्लेट खुंटीच्या वर उचला, छिन्नीची रेघ जुळवा, कसा.

रबर की युरेथेन, हा प्रश्न हमखास येतो. स्विंग अॅक्सलला मी रबरच घालतो. चाक गिअरबॉक्सभोवती फिरतं आणि प्लेट नळीभोवती. दोन वर्तुळं जुळत नाहीत, म्हणून प्लेट थोडी पिळली जायला आणि रबर थोडं द्यायला हवं. कडक युरेथेन देत नाही, उलट किरकिरतं.

दोन्ही बाजू एकाच वेळी करा. एकच केली तर गाडी दुसऱ्या बाजूला झुकेल.

७. टॉर्शन बारचे दात

बुश नवीन करूनही गाडी एका बाजूला बसली, तर बहुधा आधीच्या मिस्त्रीने दात चुकवून जोडलेली असते. दांडा म्हातारा झाला असं लोक सहज म्हणतात. मला आजवर तसा एकही भेटला नाही, चुकलेले दात चार भेटले.

दांड्याच्या आतल्या टोकाला ४० दात आणि बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दात म्हणजे ९ अंश, बाहेर एक दात म्हणजे ८ अंश १० मिनिटं. आत एक दात एका दिशेला आणि बाहेर एक उलट दिशेला फिरवला की फरक फक्त ५० मिनिटं, चाकापाशी जेमतेम ६ मिलिमीटर. नुसता बाहेरचा एक दात चुकला तर सुमारे सव्वादोन इंच. सव्वादोन इंच बसलेली गाडी आली की मला दुसरं काही बघावं लागत नाही. ज्याने ४० आणि ४४ हे आकडे ठरवले त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. व्हर्नियरची कल्पना आहे ती, फक्त गाडीखाली.

कोन किती हवा ते गाडीच्या वर्षावर आहे, मॅन्युअल बघा. दोन्ही बाजू सारख्या ठेवा. डावा आणि उजवा दांडा वेगळे असतात, टोकाला खूण असते. त्यांची अदलाबदल करायची नाही, कारण कारखान्यात ते एकाच दिशेने पिळून ठेवलेले असतात. दांड्यावरचा रंग खरवडू नका. ओरखड्यातून गंज आणि गंजातून तडा, असा तो तुटतो.

८. आता अपग्रेड

वरचं सगळं नीट असूनही घाटात शेपटी जात असेल तर मग पैसे खर्च करा, पण पुढच्या क्रमाने.

पहिलं म्हणजे कॅम्बर कॉम्पेन्सेटर. गिअरबॉक्सखाली टेकलेला आडवा पाटा, ज्याची दोन टोकं दोन अॅक्सलखाली. चाकं खालून आत ओढली जायला लागली की तो अडवतो. कॅलिफोर्नियातल्या एम्पी या कंपनीने हा प्रकार बीटलवाल्यांत रुजवला. तशीच गोष्ट शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरमध्ये झाली. तीही मागे हवेने थंड होणारं इंजिन आणि स्विंग अॅक्सलवालीच. १९६४ ला तिला आडवा पाटा दिला आणि १९६५ ला सस्पेन्शनच नवीन केलं. आपला कॉम्पेन्सेटर बोल्टाने बसतो, काहीही कापायचं नाही, उद्या काढता येतो. माझ्या गाडीला आहे. वरंधा घाटात फरक कळतो.

१९६७ च्या मॉडेलपासून बीटलला मागे झेड-बार आला. टॉर्शन बार मऊ केले आणि ओझं पडल्यावर हात द्यायला हा बार दिला. तो दोन्ही चाकं एकदम एकाच दिशेला, वर किंवा खाली, गेली तरच काम करतो, वळणावरचा झुकाव तो थांबवत नाही. आवाज करतो म्हणून कुणीतरी काढून फेकलेला असतो. तुमच्या गाडीच्या मॉडेलप्रमाणे असायला हवा आणि नाहीये, तर आधी तो परत लावा.

अॅडजस्टेबल स्प्रिंग प्लेट ज्याला उंची वारंवार बदलायची त्याच्यासाठी. तुम्हाला ती एकदाच लावायची आहे. मागून गाडी खूप खाली आणून चाकं फेंगडी ठेवणारे म्हणतात की शेपटी कमी जाते. खरं आहे, पण टायर आतून खातात आणि आपल्या स्पीडब्रेकरवर गिअरबॉक्स घासतो.

स्वतंत्र सस्पेन्शनचं कन्व्हर्जन म्हणजे नळीला नवे कान वेल्ड करायचे, गिअरबॉक्स बदलायचा, सांध्यांचे शाफ्ट आणि नवे आर्म आणायचे. चालतं छान. पण ती मग वेगळी गाडी होते, आणि चासीला हात लावायचा तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे. आरटीओला आधी विचारा, वेल्डर नंतर बोलवा.

कुठे थांबायचं

खालचं काही दिसलं तर हत्यारं खाली ठेवा आणि चासीचं काम करणाऱ्या वर्कशॉपला गाडी न्या, जमलं तर टोइंगने.

नळीच्या टोकाला किंवा शॉकॉब्सरच्या कानाला गंजाची पोपडी आणि टोचल्यावर स्क्रू ड्रायव्हर आत जाणं. मागच्या सीटखाली उजवीकडे बॅटरी असते, अॅसिडने तिथला तळ आधी सडतो. सीट उचलून तिथून सुरुवात करा. वेल्डला चीर असेल तर ती बाहेरून भरून भागत नाही, चासी मोजून सरळ करावी लागते.

टॉर्शन बार आत तुटलेला असेल किंवा दात जाम झाले असतील. हातोडीने ठोकून काढू नका.

अॅक्सलचे दात गेले असतील, किंवा बेअरिंग गुरगुरत असेल.

तुम्ही एकटेच असाल आणि प्लेट खुंटीवर दाबून आहे. हा गाडीचा दोष नाही, तरी थांबा. दुसरा माणूस येईपर्यंत चहा घ्या.

आणि सगळं जोडून झाल्यावर मागच्या चाकांची दिशा मोजून घ्यायला अलाइनमेंटवाल्याकडे जा. बहुतेकजण "मागे काही होत नसतं" म्हणून फक्त पुढची करतात. मागची मोजायला लावा, हट्टाने. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर झाकणाचे चार बोल्ट, अॅक्सलचे बोल्ट आणि मेव्हण्याला बोलावून तो ३६ चा नट, एवढं पुन्हा एकदा तपासा. पिन त्यानंतर नवीन.